अधिक सातवा

चंगबाईंच्या डोक्यावर शाम्पूच्या फेसाचा ढीग होता. त्या ढिगाखालून त्या सहज म्हणाल्या, "यंदा काय, दोन सातवे महिने आहेत. सातवा आणि वर अधिक सातवा. माझ्या भाच्याचं लग्न लांबलं बघा आणखी महिनाभर." लेहुआची बोटं त्यांच्या केसांत तशीच चालत राहिली. शिउखिम मागे, भिंतीजवळच्या बाकावर बसली होती. गिऱ्हाइकांनी वाट पाहायचा तो बाक. स्वतःच्या दुकानात तिथं बसायची तिला अजून सवय झाली नव्हती. तिनं समोर आरशात पाहिलं. या दुकानात सगळं बोलणं आरशातूनच चालायचं. तीस वर्षं ती बायकांच्या पाठीशी उभी राहून त्यांच्या आरशातल्या तोंडाशी बोलत आली होती, आणि रस्त्यात त्याच बायका समोरून आल्या की त्यांचा भांग भलत्याच बाजूला दिसून तिला क्षणभर ओळख पटत नसे. आता आरशातून चंगबाई तिच्याकडे बघत होत्या. "तुमचं ऑपरेशन आठव्यात ना हो? म्हणजे तेही गेलं की पुढं!" त्यांनी हे असं म्हटलं, जसं कोणी जहाज उशिरा सुटणार असल्याचं सांगावं.

शिउखिमला आधी बरं वाटलं. हे तिनं स्वतःशी नीट पाहून घेतलं, कारण त्यात शंकेला जागा नव्हती: पोटातून वर काहीतरी हलकं आलं, शाळेला अचानक सुट्टी मिळावी तसं. मग त्याच्या मागोमाग पाय गार पडले. दुकानातलं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर तिच्या डोक्यावर टांगलेलं होतं, पण पान फाडायचं काम तिचं होतं, आणि ती इस्पितळात गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. कॅलेंडर सहाव्या महिन्यातच उभं होतं. यंदा अधिक महिना आहे हे तिनं ऐकलंच नव्हतं असं मात्र नाही. बातम्यांत सांगत असतील, बाजारात बोलत असतील. ऐकलेलं सगळंच माणूस आत घेतो असं नाही. महिना संपायला आता दोन दिवस उरले होते, आणि महिना संपला की इस्पितळात फोन करायचा असं ठरलं होतं.

"अधिक महिन्यात दार उघडं असतं का पण?" लेहुआनं विचारलं. लेहुआ दुकानात तिची भागीदार, पन्नाशीची, दोन नवरे सोडून आलेली आणि त्यामुळे कशालाच फारशी न भिणारी.

"उघडंच की! दोन महिने मोकाट. पहिल्या महिन्यात आलेले परत जात नाहीत आणि वर नवे येतात."

"अगं बाई. म्हणजे पुन्हा सगळ्यांचं जेवण. गेल्या पंधरवड्यात एवढं टेबल मांडलं, बिस्किटं, डबे, नूडल्स, वर तोंड धुवायला घमेलं, टॉवेल, कंगवा, आरसा. आमच्या या बाकावरच्या मालकीणबाईंनी तर भाऊलोकांसाठी शाम्पूची नवी बाटली फोडून ठेवली होती. एवढे येऊन गेले, एकानं तरी पैसे दिले?"

चंगबाई हसल्या तसा फेस हलला. सातव्या महिन्यात मेलेल्यांच्या जगाचं दार उघडतं आणि ज्यांना घरदार नाही असे सगळे रस्त्यावर येतात. त्यांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून त्यांना भाऊलोक म्हणायचं. त्या महिन्यात लग्न नको, घर बदलणं नको, समुद्रात उतरणं नको, अंगाला चाकू लावून घेणं नको. काओश्युंगसारख्या बंदराच्या शहरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. शिउखिमलाही कोणी शिकवलं नव्हतं.

ती हे मानत होती का, हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि इस्पितळात तर मुळीच नाही. त्या दिवशी ती एका बाईचे केस सुकवत होती आणि डाव्या जबड्यात कळ आली. तिला वाटलं दाढ. ती दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेली, खुर्चीत मागे रेलली, त्यानं तोंडात दिवा घातला, मग दिवा बाजूला केला आणि तिच्या मनगटाला हात लावून बसला. "काकू, दाढ ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्ही घामानं भिजलाय." त्यानंतरचं तिला तुटक आठवतं: गाडीचं छत, एका नर्सच्या केसांना मुळाशी आलेला काळा रंग आणि टोकाला उरलेला पिवळा. दोन दिवसांनी डॉ. क्वे आले. तरुण, मागचे केस वाईट कापलेले. त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं, एखादा पेरू काढावा तसं, आणि त्यावर तीन रेघा. तिन्ही नळ्या अरुंद झाल्यात, म्हणाले, जाळी बसवून भागणार नाही. छाती उघडून, पायातली शीर काढून, बाजूनं रस्ता करावा लागेल. पण आज नाही. "आत्ता धक्का बसलाय. धक्का बसलेलं हृदय ओल्या भिंतीसारखं असतं, लगेच ठोकाठोक केली तर ढासळतं. शिवाय आल्या आल्या रक्त पातळ करायची गोळी दिली आहे, ती अंगातून उतरायला पाच दिवस जातात. पण फार थांबायचंही नाही. थांबलात तर दुसरा झटका कधीही येऊ शकतो, आणि तो दाढेला कळ देऊन आधी सांगेलच असं नाही. पुढच्या आठवड्यात करू."

तिला त्यांचं बोलणं समजलं. ज्यांनी जन्मभर बायकांच्या केसांना कुरळे करायचं औषध लावलं त्यांना हे समजायला वेळ लागत नाही. लवकर धुतलं तर केस वळत नाहीत, उशीर झाला तर जळतात, आणि मधली जी वेळ असते ती डोक्याडोक्याला वेगळी. घड्याळ लावतात, पण शेवटी एक बट सोडवून बघावी लागते. आपली बट कोण सोडवून बघणार, एवढंच तिच्या मनात आलं. मग डोळ्यांपुढे छातीचं मधलं हाड आलं. डॉक्टर म्हणाले होते करवतीनं. ते तिनं विचारलं नव्हतं, तैपेईहून आलेल्या तिच्या मुलीनं विचारलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून दोनच शब्द आले: "सातवा महिना."

खोलीतलं सगळं थांबलं. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. नर्सनं मान हलवली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं मान हलवली, तिच्या सुनेनंही. तिची थोरली बहीण बीचू म्हणाली, "बघा. मी म्हणणारच होते." पुढचा आठवडा म्हणजे सातव्याचा आरंभ हे शिउखिमला त्या क्षणापूर्वी सुचलंही नव्हतं. पण शब्द बाहेर पडले आणि तिच्यासमोर आयतं दार उघडलं, आणि सगळे बाजूला होऊन तिला त्यातून जायला वाट देत होते. "माझा सल्ला नाही," डॉ. क्वे म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सातव्यात माझी निम्मी टेबलं रिकामी असतात. दरवर्षी. मी बोलून थकलो. या गोळ्या घ्या, काही उचलू नका, जिने चढू नका, आणि जरा दुखलं तर इकडं या, रस्त्यात भूत भेटो नाहीतर त्याचा बाप." सल्ला डावलून जात असल्याच्या कागदावर सही करून ती घरी आली. सगळ्यांनी आपापल्या परीनं समजून घेतलं. मुलीला वाटलं मावशीनं भरीस घातलं. बहिणीला वाटलं, धाकटी एरवी देवळात येत नाही पण वेळेला शहाणी निघाली. भीती हा शब्द कोणी वापरला नाही. तिनंही नाही.

"डोळे मिटा हं, धुवायला चला," लेहुआ चंगबाईंना मागच्या नळाकडे घेऊन गेली. दुकानात पाण्याचा आवाज तेवढा राहिला. शिउखिमच्या जबड्यात काहीतरी हललं. कळ म्हणण्याइतकं नाही. दाढेच्या मुळाशी कोणी बोट टेकवावं तसं. ती उठली, संडासात गेली, दार लावलं, पर्समधली गोळी जिभेखाली ठेवली आणि टाइल्स पाहत उभी राहिली. गोळी गोडसर लागते. डोक्यात एक गरम लाट येते आणि मग जबड्यातलं बोट कोणी उचलून घेतल्यासारखं होतं. हे या महिन्यात तिसऱ्यांदा झालं की चौथ्यांदा, तिनं मोजायचं टाळलं होतं. बाहेर आली तेव्हा लेहुआ टॉवेल पिळत होती. तिनं आरशातून शिउखिमकडे पाहिलं, जरा जास्त वेळ.

"काय झालं?"

"दात."

"दात तर तुझे डॉक्टरनं ठीक सांगितले होते."

शिउखिमनं ड्रायरची वायर सोडवून तिच्याकडे सरकवली. ड्रायर सुरू झाला.

मुलीचा फोन दुपारी आला. यीच्युन तैपेईत विमा कंपनीत होती. ती जेवणाच्या सुट्टीत फोन करायची आणि बोलताना चावायची. "आई, मी आत्ताच बघितलं. अधिक महिना आहे. हे बघ, तू पुन्हा थांबणार असशील तर मी आजच गाडीत बसून येते आणि तुला खांद्यावर टाकून नेते. तू भुतांना भितेस की डॉक्टरला?"

"तुझ्या मावशीला विचारायला हवं."

"मावशीला! मावशीचं हृदय बैलासारखं आहे. ती रोज घरामागचा डोंगर चढते. मावशीला काय जातंय?"

"बरं, तू आधी जेव."

"आई."

"जेव, बाई. घास अडकेल."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, मुलीनं प्रश्न बरोबर विचारला होता, आणि ती उत्तराला थांबली असती तर कदाचित आपण दिलंही असतं. पण मुली थांबत नाहीत. बहिणीही थांबत नाहीत. एक बुनतिक थांबायचा, तिचा नवरा. बंदरात मोठ्या जहाजांना ओढून आणणाऱ्या बोटीवर होता. काही विचारलं की सिगरेट संपेपर्यंत थांबायचा आणि मग बहुतेक वेळा काहीच बोलायचा नाही. तो नऊ वर्षांपूर्वी झोपेत गेला, चौथ्या महिन्यात, ज्या महिन्याला कुणीच भीत नाही. त्याच्या मरणाची वाट पाहत बसायची वेळ तिच्यावर आली नाही. सकाळी रताळ्याची पेज झाली होती आणि ती हाक मारत होती. तेव्हाही तिनं सगळं नीट पाहून घेतलं होतं: त्याच्या उशीवरची घडी, उघडा राहिलेला हात. सगळे म्हणाले, नशीबवान. तेव्हापासून तिला ठाऊक होतं की असंही जाता येतं. गेला महिनाभर दुकानातल्या बाकावर बसून ती कशाची वाट पाहत होती, हे तिनं जरा बारकाईनं पाहिलं असतं तर तिला दिसलं असतं. ती आठव्याची वाट पाहत नव्हती. थांबत राहिलं तर एखाद्या सकाळी करवत लागणारच नाही, अशी काहीतरी ती वाट होती. तिनं ते आता पाहिलं आणि तिला धक्का बसला नाही. एखादा ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा तेवढंच वाटलं.

संध्याकाळच्या फेरीबोटीनं ती बहिणीकडे गेली. बीचू पलीकडे छीचिन बेटावर राहायची, जिथं दोघी वाढल्या. बोटीत स्कूटरवाले पुढं, माणसं मागं. कठड्याला टेकून तिनं पाणी पाहिलं. नऊ वर्षांची असताना ती सातव्या महिन्यात पोहली होती. भर उन्हात, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही, कारण सातवा. पाण्यातले भाऊलोक आपल्या जागी बदली माणूस शोधत असतात, पाय धरून खाली नेतात, हे आईनं सांगितलं होतं. ती गळ्याइतक्या पाण्यात गेली आणि पाय खाली सोडून उभी राहिली. कोणी धरला नाही. मग ती घरी आली, केस सुकवले, आणि पुढचे किती तरी दिवस ती थांबली. आज होईल, उद्या होईल. जेवताना, शाळेत, झोपताना तिचा घोटा कोणीतरी धरणार म्हणून ती पाय आखडून घ्यायची. काहीच झालं नाही. आईला कळलं नाही, बीचूलाही नाही. त्या उन्हाळ्यातलं तिला पोहणं फारसं आठवत नाही, ते थांबणं आठवतं. पाण्यात खरोखर कोणी पाय धरला असता तर ती ओरडली असती, आईला बिलगली असती, संपलं असतं. बोट धक्क्याला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिनं आत्ताही पायाची बोटं बुटात आवळून धरली आहेत.

बीचू दारातच उभी होती, हातात माशाचं सूप गाळायची गाळणी. सत्तरीची, बुटकी, आवाज बाजारात कमावलेला. "जिने चढू नको म्हटलंय ना डॉक्टरनं? मग इकडं कशाला तडफडलीस? मी आले असते."

"ताई, अधिक सातवा आहे."

"आहे की. मला ठाऊक होतं. यंदाचं कॅलेंडर आलं तेव्हाच बघितलं मी."

"मग बोलली नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? अधिक महिना पोकळ असतो. दार वर्षातून एकदाच उघडतं. परवा बंद झालं की झालं. मधल्या महिन्यात कोण येतंय?"

"चंगबाई म्हणाल्या, दोन महिने उघडं."

"ती चंग! तिच्या सासूनं श्राद्धाला उलटी उदबत्ती लावली होती एकदा. तिचं काय ऐकतेस? आपल्या देवळात विचारलं मी. पुजारी म्हणाला, अधिक महिना धरत नाहीत. पलीकडच्या देवळातला म्हणतो धरतात. ज्याचं त्याचं." बीचूनं गाळणी सिंकमध्ये टाकली. "मी तर म्हणते, अधिक महिन्यात बरंच. पोकळ महिना, कोणाची नजर नाही. कर फोन आणि मोकळी हो."

शिउखिम खुर्चीत बसली. तिला वाटलं होतं, बीचू नाही म्हणेल. नाही म्हणण्यासाठीच ती बोटीत बसून आली होती. एवढी पंचांगं पाळणारी, चप्पल उलटी पडली तरी तीनदा थुंकणारी बहीण, आणि तिनंच दार लावून घेतलं. म्हणजे आता एक देऊळ हो म्हणत होतं आणि एक नाही. डॉक्टर हो म्हणत होते, चंगबाई नाही. जे हवं ते उचलावं असं ताट समोर आलं होतं, आणि उचलायला दुसरं कोणी नव्हतं.

"तोंड का पडलं?" बीचू म्हणाली. ती बारकाईनं पाहत होती. मग तिचा आवाज जरा उतरला. "बरं, मनात किंतु असेल तर चल, देवीला कौल लावू. ती काय ते सांगेल. उगाच चंग आणि पुजारी."

देऊळ गल्लीच्या टोकाशी होतं. समुद्रदेवीचं, आतला लाकडी खांब धुरानं काळा. महिन्याअखेर म्हणून बाहेर भाऊलोकांसाठी कागदी पैसे जाळायच्या भट्टीवर गर्दी होती. आत मात्र एक म्हातारा झोपलेला, बाकी कोणी नाही. बीचूनं तिला तीन पायऱ्या हाताला धरून चढवलं. कौलाचे दोन लाकडी तुकडे, चंद्रकोरीसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट पडला, एक फुगीर, तर हो. दोन्ही फुगीर तर नाही. दोन्ही सपाट पडले तर देवी हसतेय, प्रश्न नीट विचारा. लागोपाठ तीनदा हो आलं की ते पक्कं.

"नाव सांग, जन्मदिवस सांग, पत्ता सांग. मग विचार, अधिक सातव्यात ऑपरेशन करू का. स्पष्ट विचार. मनातल्या मनात, पण स्पष्ट."

शिउखिम गुडघे टेकून बसली. तुकडे हातांत गुळगुळीत होते, किती तरी तळव्यांनी घासलेले. तिनं नाव सांगितलं. जन्मदिवस, पत्ता, दुकानाचा पत्ताही. पुढचा प्रश्न बहिणीनं दिलेला होता, तो तिच्या जिभेच्या टोकाला होता, आणि त्याच्या जागी दुसरंच आलं. मी भाऊलोकांचं नाव पुढं केलं, हे तुला ठाऊक आहे ना? मला त्यांची भीती नाही. मला त्या करवतीची भीती आहे, हे ठाऊक आहे ना?

तुकडे फरशीवर वाजले. एक सपाट, एक फुगीर.

तिनं उचलले, पुन्हा तेच विचारलं, पुन्हा टाकले. एक तुकडा घरंगळत खांबाशी गेला, कडेवर उभा राहील असं वाटलं, आणि फुगीर पडला. दुसरा सपाट. तिसऱ्यांदा टाकताना शिउखिमला वाटलं की याचंही उत्तर आपल्याला माहीत आहे. तुकडे पडले. ते पाहून तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. लहानपणी पाण्यात उभी असताना पायाखाली वाळू लागली होती, तशी काहीतरी खालून लागली.

"तीनदा! तीनदा हो!" बीचूनं वाकून नमस्कार केला, एकदा देवीला आणि एकदा चुकून झोपलेल्या म्हाताऱ्याला. "काय विचारलंस? अधिक सातव्यात करू का?"

"हो," शिउखिम म्हणाली. "लगेच करू का म्हणून विचारलं. उद्याच भरती होऊ का."

"उद्या तर सातवा आहे अजून!" बीचू क्षणभर चरकली. "दार लागायचंय."

"ती हो म्हणाली, ताई."

बीचूनं तुकड्यांकडे पाहिलं. ते तसेच पडले होते. तीनदा हो आल्यावर देवीशी वाद घालायची तिची ताकद नव्हती. तिनं पर्समधून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि इस्पितळाचा नंबर लावला. देवळाच्या पायऱ्यांवर उभी राहून ती बाजारात बोलावं तशी मोठ्यानं बोलली. "हां, डॉक्टर क्वे यांच्याकडं. हृदयाचं ऑपरेशन. माझी बहीण. सही करून घरी गेली होती ती. उद्या यायचंय. हो हो, सातव्यातच. देवीनं सांगितलंय."

पलीकडची मुलगी मुळीच चकित झाली नाही. तिचा आवाज शिउखिमपर्यंत आला, रोजच्या कामातला, जरा कंटाळलेला. "ठीक आहे, मावशी. डॉक्टर उद्या तपासतील. सध्या टेबल रिकामंच आहे, आणि गोळी उतरायची असेल तर तेवढे दिवस इथंच ठेवून घेतील. ऑपरेशनची वेळ पण देवीनं दिली आहे का? काही लोक वेळ घेऊन येतात, म्हणून विचारते."

बीचूनं फोनवर हात ठेवला. "अगं, वेळ विचारतायत. वेळ विचारलीस का तू? मी तुला सांगायलाच विसरले. चल, परत आत जाऊ, पुन्हा कौल लावू."

शिउखिमनं तिच्या हातातून फोन घेतला. कानाशी तो गरम लागला, बहिणीच्या गालानं तापलेला.

"मी पेशंट बोलतेय," ती म्हणाली. "सकाळचं लावा. सगळ्यांत पहिलं. आणि लिहून घ्या, गेल्या महिनाभरात मला चार वेळा दुखलं. दात नव्हता तो."